बाहेरून कडी असलेले दार

मित्रांनो, दार म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर तोरण, रांगोळी आणि पाहुण्यांची वर्दळ येत असेल. माझ्या वाट्याला यातले काहीच आले नाही. मी एका सरकारी दवाखान्यातले जुने दार आहे. किनवटच्या सागाचे असते तर जरा ऐटीत सांगितले असते, पण मी साध्या आंब्याच्या फळ्यांचे. आंब्याचे लाकूड कोणी नावाजत नाही. ते उन्हात आक्रसते आणि पावसात फुगते.

नांदेडला मलप्पा सुताराने मला घडवले, ते धान्याच्या कोठारासाठी. कडी त्याने बाहेरच्या बाजूला बसवली. ते बरोबरच होते. ज्वारीच्या पोत्यांना आतून दार लावून घ्यायची काय गरज? तिथे मी बरीच वर्षे काढली. आत कोण आहे, कसे आहे, याची चौकशी करायची सवय मला तिथे लागलीच नाही.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या संसाराला इकडूनतिकडून भांडीकुंडी गोळा करतात ना, तसे नव्या जिल्ह्याला सगळेच हवे होते. कचेऱ्या, टेबले, खाटा, दारे. कोठार मोडले तेव्हा मला ट्रकमध्ये आडवे घातले आणि इथे आणून मनोरुग्णांच्या वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खोलीला बसवले. आता माझ्या आत पोती नव्हती, माणसे होती. पण कडी होती तशीच बाहेर राहिली. कोणाला त्यात काही वावगे दिसले नाही. मलाही दिसले नाही.

ज्यांचे मन फार उसळले आहे, त्यांनी घटकाभर निवांत बसावे म्हणून ती खोली होती. निदान डॉक्टर तसे सांगत. पण वॉर्डात कामे फार आणि हात थोडे. घटकाभरासाठी आत गेलेले माणूस बाहेर काढायची आठवण उशिरा होई. आतून लोक मला बुक्के मारत, नखांनी ओरबाडत, कपाळ टेकून रडत. सुरुवातीला मला त्याचे काही वाटत असावे. मग वाटेनासे झाले. खरे सांगायचे तर हाका ऐकू येत, पण त्या माझ्यापर्यंत पोचत नसत. वॉर्डातल्या माणसांचेही तसेच झाले होते. कोणी दुष्ट नव्हते. सगळे बधिर झाले होते, इतकेच.

पावसाने सलग पाठ फिरवली, त्या काळात साखराबाई आली. रेणापूरकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याघरची सून. बाळंतपणानंतर तिची झोप उडाली होती. स्वतःचे बाळही तिला ओळखू येईना. बाळ जावेपाशी ठेवून नवरा, महादेवप्पा, तिला एसटीने घेऊन आला होता.

दिवसभर ती खाटेवर गप्प बसे. कोणी भरवले तर खाई, नाही तर तशीच राही. पण दिवेलागणीला तिच्या अंगात कुठून बळ येई, कोण जाणे. ती वॉर्डाच्या मोठ्या दाराकडे धावे.

"दिवं लागले. दार उघडा की वो!"

नेमकी हीच वेळ वॉर्डातल्या कामाची पाळी बदलायची. माणसे मोजून सगळी दारे बंद करायची, अशी इथली रीत. केवळाबाई नावाची आया तिला दंडाला धरून मागे ओढी.

"पळून जायाचं बघायलीस व्हय?"

मग ओढाताण, आरडाओरडा, आणि शेवटी साखराबाई माझ्या आत. कडी लागली की ती आणखी ओरडे. रोज तेच. संध्याकाळी आजार उचल खातो, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. औषध वाढले, तरी संध्याकाळ काही बदलेना.

अखेर डॉक्टरांनी हात टेकले. तिला लांबच्या मोठ्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचे ठरले. गाडीही सांगून ठेवली. महादेवप्पा दुष्काळी कामावर खडी फोडत होता. निरोप मिळताच तो तसाच धुळीच्या अंगाने आला आणि माझ्याजवळच डॉक्टरांपुढे उभा राहिला.

"साहेब, तितं न्हेलेली मानसं माघारी येत्यात का?"

डॉक्टर म्हणाले, "बघू."

"लेकरू अंगावर पिणारं हाय, साहेब."

मी दोघांचे ऐकले. मला काहीही वाटले नाही.

त्या उन्हाळ्यात हवेत ओल अशी उरलीच नव्हती. माझ्या फळ्या आक्रसल्या, मधल्या फटींतून उजेड दिसू लागला. एका संध्याकाळी केवळाबाईने साखराबाईला आत ढकलले, कडी सरकवली आणि ती वळली. कडीचे टोक चौकटीतल्या खाचेपर्यंत पोचलेच नव्हते. मी आपल्याच वजनाने हळूहळू उघडले.

केवळाबाई धावत आली. तिच्यामागून वॉर्डाच्या नर्स, सिंधू सिस्टर आल्या. साखराबाई आता पळणार, असेच दोघींना वाटले. ती पळाली नाही. ओरडलीही नाही. डोक्यावर पदर घेतला, उंबऱ्याच्या आत मांडी घालून बसली आणि व्हरांड्यातल्या दिव्याला तिने हात जोडले.

सिस्टर तिच्यासमोर खाली बसल्या. "काय पाहिजे बाई तुला?"

इतक्या दिवसांत हे तिला कोणी विचारले नव्हते.

"दिवं लागायच्या टायमाला दार लावू न्हाई," साखराबाई म्हणाली. "लक्ष्मी दारातून माघारी जाती. मग लेकराला काय ऱ्हातंय?"

केवळाबाईचा हात कडीवर होता, तो तिथेच राहिला. तिच्या घरीही याच वेळी दार उघडून दिवा लावत. तीही लहानपणापासून तेच करत आली होती. पण वॉर्डात आल्यावर रुग्णाचे बोलणे म्हणजे आजाराचे बोलणे, असे तिच्या कानांना वळण पडले होते.

"माझी सून बी आत्ता दार उघडून बसली असल," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी डॉक्टरांकडून गाडी थांबवून घेतली. सुताराला बोलावले, पण कडी नीट करायला नव्हे, काढायला.

डॉक्टरांनी विचारले, "आणि कोणी आवरेनासं झालं तर?"

"तर मी आत त्याच्याजवळ बसेन," सिस्टर म्हणाल्या.

पाळी बदलायची वेळ पुढे ढकलली. दिवेलागणीला वॉर्डाचे मोठे दार उघडे राहू लागले आणि केवळाबाई साखराबाईला शेजारी घेऊन उंबऱ्याशी बसू लागली. औषधे चालूच होती. साखराबाई एका दिवसात बरी झाली नाही. पण रात्री तिचा डोळा लागू लागला. मग एके दिवशी तिने आपणहून विचारले, "लेकरू कुनापशी हाय?"

घरी जायच्या दिवशी महादेवप्पाने नवे लुगडे आणले. ते हातात घेऊन ती माझ्यापाशी आली.

"सिस्टर, दार लावून घिऊ का?"

"घे की. विचारतेस काय?"

तिने मला आतून ओढून घेतले. आत कडी नव्हती, म्हणून लुगडे नेसताना ती एक हात माझ्यावर टेकवून उभी होती. बाहेर केवळाबाई पाठ करून राखणीला बसली होती. मित्रांनो, मला बंद करणारे हात पुष्कळ झाले. आतून बंद करणारा तो पहिला. त्या तळव्याची ऊब मला कळली. कितीतरी वर्षांनी मला काहीतरी कळले, आणि त्याबरोबर आधीचे सगळे बुक्केही एकदम दुखू लागले.

नंतर पाऊस झाला, मी पुन्हा फुगले. कडी असती तर आता घट्ट बसली असती. तिच्या जागी फक्त स्क्रूची भोके आहेत. ती बुजवू नका. आणि कोणाला आत ठेवून दार लावायची वेळ तुमच्यावर आलीच, तर कडीला हात घालण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा, तुला काय पाहिजे म्हणून.