दुसऱ्याने प्यायचं पाणी

ज्याने समुद्र खारट केला, त्यानेच उन्हाला त्यातलं गोडं पाणी अलगद उचलून न्यायला शिकवलं. शाळेच्या गच्चीवर मुलं तेच करून बघत होती. टबात समुद्राचं पाणी, मधोमध रिकामा वाडगा, वरून ताणलेला प्लास्टिकचा कागद आणि त्यावर, वाडग्याच्या बरोबर डोक्यावर, एक खडा. उन्हाने वाफ उठायची, कागदाला थेंब धरायचे आणि उताराने घरंगळत वाडग्यात टपकायचे.

विज्ञानाच्या बाईंची अट एकच होती. आपण केलेलं पाणी आपण प्यायचं नाही; प्रदर्शनात दुसऱ्या कुणी विश्वासाने प्यायलं, तरच गुण.

वर्ग जिला मौनीबाई म्हणून चिडवायचा, ती तिच्या टबाशी एकटीच उरली होती. वर्षापूर्वी आई गेली आणि तिचं बोलणंच आटलं. जोडीच्या दोघी हळूच दुसऱ्या टबाकडे सरकल्या. पहिल्या खेपेला तिने खडा नको तेवढा जड ठेवला. कागद वाडग्यावर येऊन बसला, वाडगा कलंडला आणि चार दिवसांचं पाणी पुन्हा खारट. शेजारी कुणी असतं तर वेळीच टोकलं असतं. मग तिने लिंबाएवढा खडा शोधला आणि नऊ दिवसांत ग्लास भरला.

बाबा कपडे धुण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. आईचा विषय घरात तापलेल्या भांड्यासारखा. दोघंही हात लावत नसत. प्रदर्शनाच्या सकाळी तिने विचारलं, तर ते डब्याकडे बघतच म्हणाले, सुटी मिळाली तर येतो.

बाकीच्या टेबलांवर मावश्या, काका, आत्या तोंडं वेडीवाकडी करत पाणी पीत होते. एका मामांनी तर पोटात मासे पोहायला लागल्याचं जाहीर केलं. तिच्या ग्लासवर बशी तशीच होती. कुणाच्या तरी आईने तो उचलला, वास घेतला आणि हळूच परत ठेवला. बाईंनी शक्य तेवढी वाट पाहिली, मग वही मिटली.

खुर्च्या एकावर एक चढत होत्या तेव्हा बाबा आले, कामाच्याच कपड्यांत.

"वेळ संपली," ती म्हणाली.

"किती दिवस लागले?"

"नऊ."

त्यांनी बशी काढली आणि उभ्या उभ्या अर्धा ग्लास संपवला.

"अगदीच अळणी आहे गं. आमच्या बॉयलरला असलं पाणी मिळालं, तर तो माझ्याहून जास्त जगेल."

तिला हसू येता येता राहिलं. बाबा ग्लासाकडे बघत होते.

"तुझ्या आईने यात चिमूटभर मीठ टाकलं असतं."

टेबलाशेजारी मांडलेल्या तिच्या टबाच्या काठावर मिठाची पांढरी खपली धरली होती. ती तिने नखाने खरवडली, ग्लासात टाकली आणि बोटाने ढवळली. बाबांनी ग्लास घेतला नाही, तिच्याकडेच सरकवला.

शिपाई एकेक पंखा बंद करत येत होता. तो त्यांच्या टेबलापर्यंत पोहोचायच्या आत तिने ते पाणी सावकाश पिऊन टाकलं.