झाकणाला हात लावू नका

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात शिरले, तर माझ्या टाकीचं झाकण सताड उघडं. काठावर झेंडूचा हार, पोटावर कुंकवाची बोटं.

"हे कुणी केलं?"

"मीच, मॅडम." मोरिवलीचे हरिचंद्रकाका, आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, खुशीत होते. "सगल्या मशिनींची पूजा केली. तुमचे जंतू पन कामगारच ना? आत पन दोन फुलं टाकली. म्हटला, रातभर जरा हवा खाऊं दे त्यांना."

मी आदल्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात होते. इथे असते तर!

"हवा म्हणजे विष आहे त्यांना, काका!"

मळीतली साखर खाऊन हे जंतू आधी आम्लं करतात, मग त्या आम्लांचंच ॲसिटोन आणि ब्युटेनॉल. रंगाच्या कारखान्यांना दोन्ही लागतात. त्यात २००८ साल, पेट्रोल भडकलेलं. ब्युटेनॉलवर गाडी पळवायचं स्वप्न शेटना पडू लागलं होतं. सोमवारी ते बघायला येणार होते. जंतू मेलेले दिसले की प्रयोग बंद आणि माझी नोकरीही.

काकांचा चेहरा उतरला. मला दया आली नाही, नुसता संताप आला.

एकच आशा होती. जिवावर बेतलं की यातले काही जंतू जाड कवच करून निजून राहतात, कढत पाण्यालाही दाद देत नाहीत. तळाचा गाळ मी तापवला, उकळून निववलेल्या मळीच्या बाटलीत घातला आणि बूच घट्ट लावलं. बुचातली नळी पाण्यात सोडली. जगले तर तिथे बुडबुडे येणार.

शनिवारी काही नाही. रविवारी सुटी असून बदलापूरहून आले. बसवेना, जेववेना, बाटलीभोवती नुसती घिरट्या घालत राहिले. काकाही आले होते. दारातूनच बघत होते, आत पाऊल टाकत नव्हते.

सोमवारी सकाळी एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. मी काकांना हाक मारली, तेवढ्यात त्यांच्या मागून शेट आत आले.

"हेच का ते? वास तर घेऊन बघू," म्हणत त्यांनी थेट बुचाला हात घातला.

काकांनी त्यांचं मनगट पकडलं.

"हात नको, शेट! एकदा मी मारलेत त्यांना."

शेट आधी काकांकडे बघत राहिले, मग बाटलीकडे. नळीतून बुडबुडे येतच होते.

"कितना टाइम लगेगा, मॅडम?"

"टाकी परत चालू व्हायला आठवडाभर."

"ठीक आहे. घ्या."

काकांनी त्यांचा हात अजून सोडला नव्हता.