नुसती बोरी

माझी सून प्रतिभा औषध निरीक्षक आहे आणि मुलगा भरत पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकात. नशेच्या गोळ्यांचा एकच साठा दोघेही महिनाभर शोधत होते. दोन्ही खात्यांच्या बैठकीत साहेबांनी कौतुक केले, ते मात्र एकट्या प्रतिभाचे.

"आई, तुझी सून आमच्या लई पुढं गेली राव!" भरत हसत म्हणाला. तो हसला, मला मात्र ते झोंबले.

बुधवारी फोन घरीच विसरून प्रतिभा लेण्याद्रीकडे दुकानांच्या तपासणीस गेली. दुपारी तो वाजला, मी घेतला. तिच्या कार्यालयातील माणूस घाईत होता.

"मॅडमना सांगा, माल बोरी बुद्रुकला, शाळेमागच्या कांद्याच्या चाळीत हाय. आजच हलणार. पोलिसांनाबी कळवा म्हणावं."

मी कळवले, फक्त भरतला.

"बोरीच्या चाळीत माल आहे. आजच नीघ. आणि प्रतिभाला सांगू नकोस."

"खबर कुणाची, आई?"

"माझी."

बोरी बुद्रुक हे माझे माहेर. आमच्या घराण्यात 'बुद्रुक' कोणी उच्चारीत नाही. बोरी म्हणजे आमचीच. शेजारच्या दुसऱ्या बोरीने हवे तर आपले 'खुर्द' लावावे. भरतच्या यादीत मात्र आधीपासून बोरी खुर्दची एक चाळ होती. तो तिकडे गेला. पथकाने दोन तास कांदे उपसले.

प्रतिभा परतली, तिने फोन पाहिला.

"आई, ऑफिसचा फोन कुणी घेतला?"

मी सांगितले.

"यांना 'बुद्रुक' म्हणालात ना?"

"नुसती बोरी म्हणाले."

यादीतली खुर्दची चाळ तिलाही ठाऊक होती. तिने तत्काळ भरतला फोन लावला. "अहो, खुर्द नाही, बुद्रुक! शाळेमागं!"

तो पोहोचला तेव्हा चाळीत दोन फाटकी खोकी आणि टेम्पोच्या चाकांचे ओले ठसे उरले होते.

संध्याकाळी दोघे एकाच टेबलाशी संयुक्त अहवाल लिहीत बसले. 'विलंबाचे कारण' या रकान्यापाशी भरत थांबला.

"माझं नाव लिहा," प्रतिभा म्हणाली. "फोन मी विसरले."

चूक अंगावर घेण्यातही तीच पुढे! ते मात्र मला सोसले नाही.

"थांब, भरत. माझे नाव लिही. कुशाबाई. माहेर बोरी."

भरतने पेन उचलून माझ्याकडे पाहिले. "कंची बोरी, आई?"

"बुद्रुक," मी म्हणाले. "पूर्ण लिही."