गार कान

खराडीची शेते संगणक कंपन्यांच्या इमारतींखाली गेली, तरी कौशल्याबाईंचा गोठा दोन सोसायट्यांच्या भिंतींमध्ये टिकून होता. त्यात एकच संकरित गाय होती, चंद्री. ती व्याली की शेजारी चीक वाटायचा, हा सासूबाईंपासूनचा रिवाज. पूर्वी शेजार म्हणजे एक आळी होती. आता तो तीन जिने भरून झाला होता. यंदा कोणी वगळले जाऊ नये म्हणून कौशल्याबाईंनी चंद्रीची कास पार निपटून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठेना.

"ताप चढलाय," त्यांचे यजमान रंगराव म्हणाले. त्यांनी हळद, गूळ, ओव्याचा काढा उकळून तो पाजायची बांबूची नळीही धुऊन ठेवली होती. "आणि नजर लागली हाय. एवढ्यांनी पातेली पुढं केली, दुसरं काय होणार!"

"अहो, थांबा जरा."

कौशल्याबाईंनी चंद्रीचा कान मुठीत धरला. तापलेल्या जनावराचा कान चटकतो. हा ओल्या फडक्यासारखा गार होता. नाकपुडी कोरडी, मान कुशीकडे वळलेली. त्यांनी मोबाइलवरून पशुवैद्य डॉ. आम्रपालींना गाठले आणि स्पीकर लावला.

"गिळतेय का?"

"नुसती लाळ गळतीय."

"मग काहीही पाजू नका. ते फुफ्फुसात जाईल. पोत्यांचा टेकू देऊन तिला छातीवर बसती ठेवा. निघालेच."

"मग काढ्याचं काय करू?" रंगरावांनी विचारले.

"तुम्हीच प्या. तुम्हाला गिळता येतंय," फोनमधून उत्तर आले.

डॉक्टरीणबाईंनी आल्याबरोबर तापमापक लावला. पारा नेहमीपेक्षा खालीच थांबला.

"याला दुग्धज्वर म्हणतात. ज्वर नसतो; नाव ठेवणाऱ्याने तापमापक लावला नसावा. रक्तातलं कॅल्शियम घटलंय. चीक किती काढलात?"

"सगळा," कौशल्याबाई हळूच म्हणाल्या.

"रिकामी कास भरायला अंगातलं कॅल्शियम ओढलं जातं. पहिले दोन-तीन दिवस वासरापुरतंच काढायचं."

"आणि लोकांना काय सांगू?"

"लोकांना खरवस दुकानात मिळतो."

कोमट पाण्यात ठेवलेली कॅल्शियमची बाटली त्यांनी मानेच्या शिरेतून थेंबथेंब सोडली. दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप छातीवर धरला होता.

"जरा भरभर सोडा की," रंगराव कळवळले.

"भरभर सोडलं तर हृदय थांबेल."

कौशल्याबाई चंद्रीची मान मांडीवर घेऊन बसल्या. ही गेली, तर गोठ्याचे दार पुन्हा उघडायचे कारण उरणार नाही, एवढेच त्यांच्या मनात होते. बाटली अर्ध्यावर आली आणि चंद्रीच्या कातडीखाली थरथर धावली. तिने ढेकर दिला. मान आपणहून सरळ केली. मग पुढचे गुडघे टेकून, ढुंगण उचलून, डुलत उभी राहिली आणि शेणाचा भला मोठा पो टाकला.

कौशल्याबाईंनी हात जोडले. डोळे पुसायचेही त्यांना सुचले नाही.

"नमस्कार शेणाला की मला?" डॉक्टरीणबाईंनी सुई पुसत विचारले.

"दोघांनाबी, बाई," रंगरावांनीच उत्तर दिले आणि बायकोच्या शेजारी उभे राहून हात जोडले.