फेसाची मिशी

डॉक्टर म्हणाले, मेंदूला मुका मार बसलाय. अंधार, शांतता, आराम. मोबाइल नाही, वाचन नाही आणि डोक्याला ताण देणारे विचार तर मुळीच नाहीत. हे शेवटचं ऐकून मला हसूच आलं. माझे आबा गेलेत आणि मी विचार करायचा नाही!

स्कूटर आबा चालवत होते, मी मागे बसले होते. उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, असं लोक सांगतात. आबांनी दारात किक मारली, इथवरच मला आठवतं. पुढची पाटी कोरी. बापासोबतचा शेवटचा तास, आणि नेमका तोच माझ्याकडे नाही. रडायला बसावं तर काय आठवून रडायचं?

त्या अंधाऱ्या खोलीत जुनं मात्र लख्ख दिसायचं. आबा मला सायकलच्या दांडीवर बसवून गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर न्यायचे. म्हशी तिथेच उभ्या, धार थेट ग्लासात. ग्लास अर्धा झाला की म्हशीवाले सयाजीमामा वरची धार फुकट मारून द्यायचे. मग आबा ओठांवरची फेसाची मिशी दाखवत विचारायचे, "कोण पैलवान?" मी माझी मिशी पुढे करून ओरडायचे, "मी!"

एका संध्याकाळी आईने माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला.

"ऊठ. भित्ताडाकडं बघून मानूस बरं हुतंय व्हय? मी येतो संगं."

कट्ट्यावर हॉर्नने डोकं ठणकलं. पण शेणाचा, वैरणीचा वास तोच होता. आम्हाला बघून सयाजीमामा न विचारता दोन ग्लास घेऊन आले. एक माझ्या हातात दिला, दुसरा माझ्या शेजारी, आबा बसायचे तिथे ठेवला. मग एकदम ओशाळले.

"सवय गं पोरी. त्या दिवशी बी असंच दोन दिलतं की."

"त्या दिवशी? आम्ही इथं आलो होतो?"

"व्हय की! तू म्हणत हुतीस, आबा, आता मी पन्नाशीला आलो, पोरखेळ पुरे. तर म्हातारा मिशी दावून इचारतोय, कोण पैलवान?"

"आणि मी?"

"'मी!' म्हणून केवढ्यानं वरडलीस! म्हशी बुजल्या माझ्या."

मला त्यातलं काहीच आठवलं नाही. मी ग्लास अर्धा केला आणि मामांपुढे धरला. ते वरची धार मारून आले. मी प्यायले. ओठांवरचा फेस पुसायला आईने पदर पुढे केला.

"राहू दे," मी म्हणाले, आणि भर कट्ट्यावर भोकाड पसरलं.