पावणे उभे आहेत

साहेब, तुम्ही आमच्या जळबामामांना जितेपणी मयत करून गेलात. गाडीतून उतरलात, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "काय बाबा, बरं आहे ना?" विचारलंत, फोटोवाल्याकडं बघून हसलात आणि उत्तर यायच्या आत गाडीत बसलात. हा गुन्हा कोणत्या कलमात बसतो मला माहीत नाही. मी सातवी शिकलेला माणूस. आमच्या वाडीत मात्र तो गुन्हाच आहे.

आखाडा बाळापूरच्या पुढं आमची वाडी. इथं 'बरं हाय ना' विचारणारा उत्तर मिळेस्तोवर जागचा हलत नाही. उत्तर गुडघ्यापासून निघून म्हशीच्या कासेपर्यंत जावो, बस चुकली तरी चुको. विचारून उत्तर न घेता चालू लागणं आम्ही फक्त मयताच्या बाबतीत करतो. "काहून गेलास रे?" असं त्याला सगळे विचारतात आणि उत्तराला कोणी थांबत नाही.

तुमची गाडी गेली तशी मामांनी मामीला, म्हणजे पद्माबाईला, सांगून टाकलं, "तो साहेब उत्तर घेत न्हाई तवर मी कोणाला बरं हाय म्हणणार न्हाई." मग वाईट हाय म्हणा, मामी म्हणाली. तेही नाही. पहिल्यानं विचारलं त्याला पहिलं उत्तर, बाकीचे मागून.

दुसऱ्या सकाळी तांड्यावरचा पुनमचंद आला. चाळीस वर्षांचा रिवाज: तो राम राम म्हणणार, मामा जय भीम म्हणणार, मग खुशाली. मामांनी जय भीम घातला आणि खुशालीला तोंड मिटून घेतलं. पुनमचंद ऊन डोक्यावर येईपर्यंत अंगणात उभा राहिला. शेवटी प्रश्न माघारी घेऊन गेला. खुशालीचा प्रश्न माघारी घेणं म्हणजे आमच्याकडं बोलणं तुटणं. चाळीस वर्षांची दोस्ती तुमच्या एका फोटोत गेली.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. मामांची नात ज्योती त्यांच्याच घरी वाढली. तिची सोयरीक ठरत आलेली, रविवारी जवळा बाजारचे पावणे यायचे होते. पावणा दारात आल्यावर पहिलं काय विचारतो, ते सांगायची गरज नाही. म्हणून बुधवारी मी मामांना घेऊन तुमच्या कार्यालयात आलो.

खिडकीतल्या बाईंनी काम विचारलं. मी म्हणालो, उत्तर द्यायचंय. कशाचं? बरं आहे ना, याचं. त्यांनी प्रश्नाची प्रत मागितली. मी मोबाईल पुढं केला. तुमच्याच लोकांनी ग्रुपवर टाकलेला फोटो, खाली लिहिलेलं, 'साहेबांनी केली ज्येष्ठांची आस्थेने विचारपूस'. फोटोत मामांचं तोंड उघडं आहे. जांभई नाही बाई, मी म्हणालो, ते उत्तर देऊन राहिलेत. बाईंनी फोटो मोठा करून बघितला, छापून घेतला आणि त्यावर आवकचा शिक्का मारला. मग म्हणाल्या, बरं असेल तर डॉक्टरचा दाखला जोडा, बरं नसेल तर तक्रारीच्या खिडकीत जा.

"अन् कोणाचं थोडं बरं, थोडं न्हाई असंल तर?" मामांनी विचारलं. "त्याला कोणती खिडकी?"

त्याला खिडकी नव्हती.

शनिवारी तुमचं पत्र आलं. सदर प्रश्न औपचारिक स्वरूपाचा असल्याने त्यास उत्तर अपेक्षित नाही. मामांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "म्हंजे मयतच," एवढंच बोलले.

रविवारी अकराला पावणे आले, सात जण. मुलाचे वडील रत्नपाल पुढं. चपला काढल्या, हात जोडले, "जय भीम, जळबामामा. बरं हाय ना?"

मामा म्हणाले, जय भीम. आणि गप्प.

मी सगळी हकीकत सांगितली. पत्रही वाचून दाखवलं. रत्नपालांनी नीट ऐकून घेतलं. तुमच्यापेक्षा मोठा माणूस, साहेब. "आधी साहेबाचं उत्तर, हे बराबर हाय," ते म्हणाले. "आमी थांबतो."

आणि सातही जण उभे राहिले. भाड्यानं आणलेल्या खुर्च्या रिकाम्या. पोहे गार झाले, नवे केले, तेही उभ्यानं खाल्ले. वाडीनं त्यांच्या डोक्यावर मांडव घातला. मुलानं, धम्मानंदनं, ज्योतीला विचारलं, कशी आहेस. ती दीड तास सांगत होती, तो ऐकत होता. म्हणजे मुलगा चांगला आहे. पुनमचंद कुंपणाशी येऊन उभा आहे. त्याला काही विचारायचं नाही, नुसता सोबतीला उभा आहे.

आज मंगळवार. रत्नपालांचे पाय सुजलेत. मामी गरम पाण्याचं घमेलं घेऊन त्यांच्या पायाशी बसली आहे. संध्याकाळपर्यंत निभलं नाही, तर त्यांना प्रश्न माघारी घ्यावा लागेल, आणि त्याबरोबर सोयरीकही.

मी तुमच्या कार्यालयाच्या पायरीवर बसून हे लिहितोय. हा कागद आत पाठवतो. तुम्ही वाडीत या, नाही तर फोन लावा. मामा फार वेळ घेणार नाहीत, आणि घेतला तरी तुम्ही विचारलंय. ते काय सांगणार, आम्हाला कोणालाच माहीत नाही. उत्तर तुमचं आहे. 'बघू' म्हणू नका, शिक्का मारू नका, दुसरी खिडकी दाखवू नका.

उत्तर घेता का नाही, तेवढं सांगा. पावणे उभे आहेत.