भिंतीचे अश्रू आणि अर्ध्या इंचाचे आटे

संध्याकाळचे सहा वाजायला पाच मिनिटं होती आणि जिन्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. माणसं बाटल्या, वाट्या, औषधाच्या रिकाम्या कुप्या घेऊन तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत उभी होती. वरच्या एका छोट्या खोलीत एक भिंत रोज दोनदा रडायची. खोली होती तीन महिन्यांपूर्वी तापानं गेलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीची.

"आवाज नको! लेक येतेय!" अश्रूबाबांनी हात वर केला. हे बाबा महिन्याभरापूर्वी कुठून उगवले कोण जाणे. वैराग्य कपड्यांपुरतंच होतं, पायातले बूट चांगले भारीतले होते. "ये बाळे, सात पडदे फाडून ये! आई वाट बघतेय!"

सहा वाजले. पांढुरक्या डागाखाली एक थेंब आला आणि टीचभर घरंगळला. मागोमाग दुसरा. खोलीत हुंदके फुटले. कुणीतरी बोट लावून चाखलं आणि ओरडलं, "खारट आहे हो! अश्रूच!"

मुलीचा मामा दाराशी उभा होता. तीस वर्षं पाइपफिटर म्हणून काम केलेला माणूस. एरवी असल्या बाबाची त्यानं रेवडी उडवली असती. पण त्याचं लक्ष ताईकडे, मुलीच्या आईकडे होतं. ती पलंगावर बसून भिंतीला गाल लावून होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, बोलताना धाप लागत होती.

"ताई, इंजेक्शन घेतलंस?"

"आता कशाला रे, बारक्या? ती बारा वर्षांची असल्यापासून तीच टोचायची ना मला? आता अशी देते." तिनं वाटीतलं पाणी ओठांना लावलं. "बाबा म्हणाले, सुई लावलीस तर ती रुसेल. परत यायची नाही."

आठ दिवस तिनं शुगरचं इंजेक्शन घेतलं नव्हतं. दवाखान्यातली डॉक्टरीण सकाळीच मामाला म्हणाली होती, आणखी दोन दिवस असेच गेले तर वाचवणं कठीण आहे.

तेवढ्यात त्याच्या तळपायांना बारीक थरथर जाणवली. इमारतीचा पंप चालू होता. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला नळ्यांत पाणी जोरानं चढायचं. आणि त्या भिंतीतली नळी मुलगी गेल्यावर आठवड्याभरात त्यानंच बदलली होती.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला तो पंपवाल्याकडे गेला. "आज मी वरून हाक मारली की मगच पंप लाव."

"बरं. पण ते बाबा रोज विचारून जातात हो, पंप बरोबर सहालाच ना म्हणून."

मामा वर आला. सहा वाजले. बाबांनी लेकीला बोलावलं. सहा वाजून पाच झाले. बाबांचा आवाज चिरकला, कपाळावर घाम आला, भिंत मात्र कोरडी ठणठणीत.

"कुणीतरी अपवित्र माणूस आत आलाय!"

"आलोय ना. हा बघा, मीच." मामानं खिडकीतून डोकं काढलं. "लाव रे पंप!"

अर्ध्या मिनिटात थेंब आला. मामानं पंप बंद करायला लावला, छिन्नी-हातोडीनं गिलावा फोडला आणि सांध्यातून निपल, म्हणजे दोन्हीकडे आटे असलेला नळीचा बोटभर तुकडा, सोडवून काढला. मग खिशातली आटे तपासायची दात्यांची पट्टी त्या आट्यांवर टेकवून दिव्यासमोर धरली.

"काय दिसतंय?"

शेजारच्या शाळामास्तरीणबाई वाकल्या. "फट आहे. उजेड दिसतोय."

"आट्यांच्या दोन जाती असतात. या घरातले नळ एका जातीचे, हा तुकडा दुसऱ्या. एक इंची नळीत ही चूक लगेच कळते. एका जातीचे इंचाला अकरा आटे, दुसरीचे साडेअकरा. दोन-चार फेऱ्यांत अडकतं. पण अर्ध्या इंचाला दोघींचेही चौदाच. निपल गुमान आत जातो, हाताला वाटतं बसला. पण एकीच्या आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा, दुसरीचा साठ. केसभर फट राहते. टेप गुंडाळली तर काही दिवस तग धरते, मग दाब वाढला की पाणी त्या फटीतून गोल फिरत बाहेर येतं. खारट लागतं ते गिलाव्यातल्या क्षारांमुळे."

"असला तुकडा बसवला कुणी?" मागून कुणीतरी चिडून विचारलं.

"मी."

पट्टी लावल्याशिवाय तो कधी साधी तोटीसुद्धा बसवायचा नाही. पण त्या दिवशी भिंतीपलीकडच्या मोरीच्या फळीवर भाचीचा कंगवा तसाच होता, चार केस अडकलेला. डोळ्यांसमोर सगळं पुसट झालं आणि पेटीत हाताला लागला तो तुकडा, कारखान्यातल्या एका परदेशी यंत्राचा उरलेला, त्यानं फिरवून घट्ट केला.

बाबा केव्हाच जिन्याकडे सटकले होते. त्यांच्याकडे बघायलाही कुणाला सुचलं नाही.

"म्हणजे ती येत नव्हती?" ताईनं विचारलं.

"नाही, ताई."

"एकदाही?"

"नाही गं."

"मग हे सांगायला तूच का आलास रे?"

त्यानं गुडघे टेकले, औषध भरलं आणि सुई टोचली. ताईनं डोळे मिटले. "तिचा हात हलका होता," ती म्हणाली, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा रडली. भिंत रडत होती तोवर तिनं स्वतः टिपूस गाळलं नव्हतं. मामानं तिला जवळ घेतलं. भाचीला एकदा तापानं नेलं, दुसऱ्यांदा आपण, असं त्याला वाटत राहिलं. दवाखान्याची गाडी बोलावून तो तिला धरून बाहेर आला.

जिन्यावर माणसं अजून बाटल्या धरून उभी होती.

"घरी जा," तो म्हणाला. "दुःख असेल तर एकमेकांपाशी रडा, आजार असेल तर डॉक्टरकडे जा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी पाणी कुठून येतंय ते विचारा. विचारल्यानं गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही."

एक बाई जागची हलली नाही. अर्धी भरलेली बाटली तिनं छातीशी धरली होती.

"माझ्या नवऱ्याच्या गोळ्या बंद करून मी हेच पाजतेय, दादा. उद्या सकाळी नेऊ का त्यांना?"

"सकाळी नको," मामा म्हणाला. "आत्ता. गाडी येतेय, त्यांनाही घेऊन या."